बुटक्या बाकाचा सॉना

फिनलंडच्या माणसाला थंडी वाजत नाही, असा लिस्बनमध्ये एक गोड गैरसमज आहे. डिसेंबरातल्या त्या रविवारी यार्को दोन स्वेटर, लोकरीची टोपी आणि वरून बायकोची शाल अशा थाटात ओट्यापाशी उभा राहून किटलीवर हात शेकत होता. त्या वेळी कुणी त्याला हा गैरसमज ऐकवला असता, तर त्यानं किटली उचलून त्याच्यावर फेकली असती. त्याच्या गावी बाहेर नाक गोठतं, पण घरात माणूस बनियनवर फिरतो. लिस्बनला बाहेर झाडाला संत्री लगडलेली असतात आणि घरात दात वाजतात. भिंतींना ओल, कपाटातल्या बुटांना बुरशी, आणि धुतलेली चादर चार दिवस दोरीवर राहूनही हाताला लागते ती ओलीच. यार्कोची मुलगी शाळेत जाकीट घालून गणितं सोडवायची. एवढं असून ते राहत त्या ग्रासा भागाच्या चढावर भेटणारा प्रत्येक शेजारी हसत हसत विचारायचा, "काय मग, हिवाळ्यात अगदी घरच्यासारखं वाटत असेल नाही तुम्हाला?"

तर किटलीवर हात शेकत असताना फोन वाजला. सासरे होते, वैक्को.

वैक्को हे निवृत्त वनरक्षक. आयुष्यात त्यांनी मोजकी वाक्यं बोलली आणि स्वतःच्या हातानं तीन सॉना बांधले. लाकडी खोली, त्यात तापलेले दगड, दगडांवर पाणी, आणि त्या वाफेत उघड्या अंगानं गप्प बसायचं. ज्या घरात ही सोय नाही ते घर नव्हे, नुसता निवारा, असं त्यांचं मत. जावयाबद्दलही त्यांचं एक मत होतं, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. लग्नात त्यांनी यार्कोला एक हातोडा भेट दिला होता, आणि दर उन्हाळ्यात तो अजून कोरा करकरीत आहे हे उचलून बघून पुन्हा खाली ठेवायचे. यार्को कागदाच्या गिरण्यांसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहितो. त्यात हातोडा कुठे लागत नाही.

"जानेवारीअखेर आठवडाभर येतोय," वैक्को म्हणाले. "सॉना आहे ना?"

"आहे," यार्को म्हणाला.

का म्हणाला, देव जाणे. सासऱ्यांच्या आवाजातला तो 'नसेलच' असा सूर असेल, नाहीतर अंगावरची ती शाल असेल. फोन ठेवला तेव्हा हेली, म्हणजे त्याची बायको, दारात उभी होती.

"कुठे आहे सॉना?"

"व्हायचाय."

"बाबांना खोटं सांगितलंस?"

"खोटं नाही," यार्को म्हणाला. "लवकर सांगितलं."

त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. जिन्याला लागून छपराखाली सामानाची एक रिकामी खोली होती, ती त्यांच्याच वाटणीची. घरमालकीण फोनवर म्हणाली, "काय हवं ते करा बाबा, फक्त सरकारी कागद घ्या आणि इमारतीला विचारा." दोन किरकोळ कामं, असं यार्कोला वाटलं. त्याला इथे येऊन दोनच वर्षं झाली होती, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

सरकारी कचेरीत खिडकीपलीकडे जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. खोलीचा वापर कशासाठी करणार, हे त्यांना लिहायचं होतं.

"स्वयंपाकघर?"

"नाही."

"मग न्हाणीघर?"

"आंघोळ नंतर. बाहेर येऊन."

"झोपायची खोली?"

"काही लोक झोपतात, पण ते धोक्याचं आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सेन्योर, तुम्ही म्हणता ते माझ्याकडे कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्या खोलीत शेवटी असतं काय?"

"गरम हवा. खूप गरम."

"त्यात कपडे वाळतील?"

इथे दुसरा कुणी असता तर सावध झाला असता. पण फिनलंडच्या माणसाला प्रश्न विचारला की तो विचार करून खरं उत्तर देतो. ही तिकडची राष्ट्रीय खोड आहे. यार्कोनं डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाला, "हो. उत्तम वाळतील."

"झालं तर!" बाईंनी ठपकन शिक्का मारला. "कपडे वाळवायची खोली. सामायिक. पुढचे!"

सरकारी काम एका फेरीत झालं म्हणून यार्को इतका खूश झाला, की वाटेत त्यानं स्वतःला एक कॉफी पाजली आणि वर कस्टर्डची एक पेस्ट्री खाऊ घातली. 'सामायिक' या शब्दाकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

राहिली इमारत. इमारतीचा कारभार त्या वर्षी सेन्योर बेल्मिरोंकडे होता. हे निवृत्त ट्रामचालक. तळमजल्यावर राहायचे आणि इमारत ट्रामसारखीच चालवायचे. मध्येच कुणी जिन्यात थांबलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी जिन्याखाली सभा बोलावली. सगळे कोट-मफलर घालून जमले. यार्कोनं पाठ करून आणलेली तीन वाक्यं म्हटली आणि तो खाली बसला. त्याच्या देशात यानंतर सगळे जमिनीकडे बघतात, एकजण खाकरतो, आणि ठराव पास होतो.

इथे एकच गिल्ला झाला. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ हातवारे करत ओरडू लागले, त्यांची बायको त्यांच्यावर ओरडू लागली, बेल्मिरो दोघांवर. कुणी छताकडे बोट दाखवलं, कुणी स्वतःच्या छातीकडे. पोर्तुगीज यार्कोला बऱ्यापैकी यायची, पण एका वेळी एका माणसाची. तो थोडा वेळ बसला, मग हळूच उठला, वर गेला आणि आणून ठेवलेल्या देवदाराच्या फळ्या परत करायला बांधू लागला. सासऱ्यांना फोनवर काय सांगायचं, याची वाक्यंही तो जुळवत होता.

दार धाडकन वाजलं. बाहेर बेल्मिरो, धापा टाकत.

"अहो, पळालात कुठे? मंजूर झालं की केव्हाच!"

"पण... सगळे भांडत होते."

"भांडत?" बेल्मिरो चकित झाले. "छे हो! दगड कुठले घ्यावेत यावर बोलत होतो. भांडण तुम्ही अजून बघितलंच नाहीत." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "फक्त एक सही राहिली. डोना देओलिंदा. ती सभेला आली नाही, म्हणाली, मी आधी वस्तू बघणार."

डोना देओलिंदा यार्कोच्या समोरच्या दारात राहायच्या. वय सत्तरच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे गेलेले आणि आवाज शाबूत. इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे बाई खाली कमी उतरायच्या आणि वरूनच सगळ्या गल्लीवर नजर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत छपराच्या खोलीत शिरल्या. यार्कोनं तोवर बाक उभा केला होता. आयुष्यात त्याच्या हातून घडलेली ही पहिली लाकडी वस्तू. अंगठ्याला पट्टी होती, पण बाक सरळ होता आणि उंच होता, नियमाप्रमाणे.

"इथे काय करायचं असतं?" बाईंनी विचारलं.

"कपडे काढून बसायचं."

बाईंनी छातीवर क्रूस काढला. "किती कपडे?"

"सगळे."

"माझ्या नवऱ्यानं मला कधी... बरं ते असो. पोहायचा पोशाख घालून बसता येतं की नाही?"

यार्कोनं मोजपट्टी खाली ठेवली. "तुम्ही... बसणार आहात?"

"मग? कागदावर सामायिक लिहिलंय, बेल्मिरोनं मला वाचून दाखवलं. कपडे वाळवायची खोली. माझी चादर काय नाताळपासून दोरीवर हौस म्हणून लटकतेय का? आणि हा बाक रे बाळा, हा एवढा उंच कुणासाठी? मी काय कोंबडी आहे वर उडून बसायला?"

यार्कोनं समजावलं. गरम हवा वर असते. बसणाऱ्याचे पाय दगडांच्या वर आले पाहिजेत, नाहीतर डोकं भाजतं आणि पाय गार राहतात. बाक उंच हा सॉनाचा पहिला नियम, आणि दुसरा नियम नाहीच. त्याचे सासरे खोलीत आल्याबरोबर आधी बाकच बघतील. त्याच्या आजोबांचा बाक उंच होता, पणजोबांचाही.

"तुझ्या पणजोबांना माझे गुडघे ठाऊक नव्हते," डोना देओलिंदा म्हणाल्या. "बाक खाली आण, मी सही करते. नाही आणलास तर नाही करत. राग नाही हं माझा. ये, सूप आहे कोबीचं, पिऊन जा. किती वाळलायस."

ते सूप पिताना यार्कोला आपण शरण जाणार हे कळून चुकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं करवत घेतली. हेली दारात उभी होती, आणि समोरच्या दारातून डोना देओलिंदाही बघत होत्या.

"बाबा गेल्यावर परत उंच करता येईल," ती म्हणाली.

"बाबा असतानाच तो बुटका असणार आहे," यार्को म्हणाला, आणि त्यानं बाकाचे चारही पाय कापले. आपल्या हातानं केलेली एकुलती एक वस्तू आपल्याच हातानं बिघडवायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

पहिल्यांदा भट्टी लावली ती विजेची. बटण दाबलं आणि सगळी इमारत अंधारात गेली. खालून आधी एक शांतता आली आणि मग बेल्मिरोंचा आवाज. टीव्हीवर पेनल्टी किक मारायला खेळाडू धावत सुटला होता नेमका तेव्हा. वीज वाढवून घ्यायला कंपनीचा माणूस 'सकाळ ते संध्याकाळच्या दरम्यान' येणार होता. यार्को दिवसभर दारात खुर्ची टाकून बसला. माणूस आला तो यार्को पाव आणायला खाली उतरला तेव्हा, आणि घरात कुणी नाही म्हणून निघून गेला. पुढच्या वेळी पाव आणायला डोना देओलिंदांना पाठवावं असं यार्कोच्या मनात आलं, पण गुडघ्यांचा विषय आता त्याला काढायचा नव्हता. पाववाल्यानं सल्ला दिला की भट्टी गॅसची घ्यावी. पाववाल्याच्या बायकोनं सल्ला दिला की पाववाल्याचं ऐकू नये. शेवटी बेल्मिरोंचा एक जुना सहकारी ओळखीतून माणूस घेऊन आला, आणि काम जेवणाच्या सुट्टीत उरकलं.

मग भट्टी चालली. दगड तापले. यार्कोनं डोळे मिटून, जुन्या आठवणींनी गहिवरून, पहिलं पाणी ओतलं. सूंऽऽ करून वाफ उठली, छपराच्या झरोक्यातून बाहेर पडली आणि ग्रासाच्या टेकडीवर ढगासारखी पसरली. समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी अग्निशामक दलाला फोन केला.

दलाचे लोक नळी घेऊन जिना चढत आले तेव्हा यार्को कमरेला टॉवेल गुंडाळून, लालबुंद, वरच्या पायरीवर उभा होता. प्रत्येक मजल्यावरून एक एक शेजारी डोकावत होता. दलाच्या नायकानं विचारलं, "आग कुठे आहे?"

यार्कोला त्या क्षणी पोर्तुगीजमधला नेमका शब्द आठवेना. तो म्हणाला, "आग नाही. सुख आहे."

नायकानं मान डोलावली. त्यानं नोकरीत बऱ्याच तऱ्हेची माणसं पाहिली असावीत. तो आत गेला, नियमाप्रमाणे पाहणी केली, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग एकेक करून बाकीचेही पाहणीला गेले. त्या दिवशी सकाळपासून भिजत काम करून आले होते बिचारे. डोना देओलिंदांनी सूपाचं पातेलं जिन्यात आणून ठेवलं आणि सगळ्यांना दम भरला, "त्या पोराला टॉवेलवर उभं काय केलंय! सर्दी होईल त्याला. थंड देशातला आहे तो!" यार्कोची मान शरमेनं खाली गेली. पण खाली गेली तरी त्याला हेही दिसलं, की नायक बाहेर येताना हसत होता.

आता शेजाऱ्यांचे उपकार फेडायचे म्हणून यार्कोनं त्याच्या गावची रीत काढली. तिकडे इमारतीत एक सॉना असतो आणि प्रत्येक घराला आठवड्यातून एक वेळ वाटून दिलेली असते. त्या वेळी त्या घरानं जायचं, गप्प बसायचं, यायचं. दुसरं कुणी फिरकत नाही. बेल्मिरोंना ही कल्पना फार आवडली. पहिल्याच मंगळवारी दुसऱ्या मजल्याची पाळी होती, म्हणून सगळी इमारत आली. बुधवारी बेल्मिरोंची पाळी, तेव्हाही सगळी आली, वर बेल्मिरोंची बहीण. पोहायच्या पोशाखावर मफलर गुंडाळून लोक दाटीवाटीनं बसायचे, डोक्यावर देओलिंदांच्या चादरी वाळत असायच्या, आणि खारवलेल्या मासळीची भजी ताटलीतून फिरत असायची. मासळी नीट भिजवली होती की नाही यावर वाद व्हायचा. यार्कोनं एकदा धीर करून सांगितलं की सॉनात बोलत नसतात.

"बरोबर आहे," बेल्मिरो म्हणाले, आणि सगळे हळू आवाजात बोलू लागले.

अशात वैक्को आले. जाकीट काढून, कोट घालून, परत जाकीट घालून त्यांनी घर पाहिलं. भिंतीवर तळवा ठेवला. मग म्हणाले, "दाखव."

शुक्रवारची संध्याकाळ होती, यार्कोच्याच घराची पाळी. यार्कोनं त्या दिवशी सगळ्यांना हात जोडून विनवलं होतं की आज नको. त्याला सासऱ्यांबरोबर एकट्यानं आणि गप्प बसायचं होतं. हा एक प्रसंग नीट पार पडला असता तर पुढची वीस वर्षं त्याला कुणी हातोडा उचलून दाखवला नसता. दोघं आत गेले. वैक्कोंनी फळ्यांवरून बोट फिरवलं, सांधे पाहिले, दगड पाहिले. तोंडावरची रेषा हलली नाही. मग ते बाकावर बसले आणि त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले.

तेवढ्यात दार उघडलं. डोना देओलिंदा, पोशाख, मफलर आणि काठीसकट. पाठोपाठ बेल्मिरो. "पाहुणे आलेत आणि आम्ही यायचं नाही, हे कसं दिसेल?" बाई म्हणाल्या आणि वैक्कोंच्या शेजारी सहज टेकल्या.

वैक्कोंनी आधी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, नंतर बाईंच्या. मग फिनिशमध्ये म्हणाले, "बाक बुटका आहे."

यार्कोनं महिनाभर ज्याची धास्ती घेतली होती ते वाक्य आलं होतं.

"काय म्हणाला म्हातारा?" देओलिंदांनी विचारलं.

यार्कोला खोटं बोलायची सवय नव्हती. "बाक बुटका आहे म्हणाले."

"बुटका?" बाई काठी आपटून वळल्या. "त्याला विचार, तुझ्याकडे काय शिड्या लावून आंघोळीला जातात का? म्हणावं, इथे माणसांना गुडघे असतात! हा बाक कापताना या पोराचा चेहरा काय झाला होता मी पाहिलाय, तरी कापला, एका शब्दानं बोलला नाही. या हिवाळ्यात माझी चादर वाळली, माझी हाडं वाळली. दोन वर्षांत मी खालच्या मजल्यावर कुणाकडे गेले नव्हते, आता खालचा मजला माझ्याकडे येतो. बुटका म्हणे! सांग त्याला, जसंच्या तसं सांग. 'म्हातारा'सुद्धा सांग!"

यार्को सांगू लागला. आधी खाली बघून, मग दगडांकडे बघून. 'म्हातारा'सुद्धा सांगितलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासऱ्यांसमोर एवढी वाक्यं सलग तो आजवर बोलला नव्हता. बोलता बोलता त्याची मान वर आली. बाईंचं संपलं तरी त्याचं थांबेना. शेवटी तो सासऱ्यांच्या डोळ्यांत बघून काहीतरी म्हणाला आणि गप्प झाला.

"एवढं लांब?" देओलिंदा संशयानं म्हणाल्या. "मी एवढं बोलले?"

"शेवटचं माझं होतं," यार्को म्हणाला. "म्हटलं, बाक मी समजून उमजून कापलाय. उद्या पुन्हा करायचा झाला तरी एवढाच करेन."

कुणीच बोलेना. बेल्मिरोसुद्धा. त्या खोलीत इतकी शांतता झाल्यावर वरच्या चादरीतून पडणारा थेंबही ऐकू आला. वैक्कोंनी पाण्याचा डाव उचलला, दगडांवर पाणी ओतलं आणि डोळे मिटून घेतले. पुढे सगळा वेळ ते तसेच बसून राहिले. यार्कोला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. पण त्याला खंत मात्र वाटली नाही. त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि अंगठ्यावरच्या पट्टीचासुद्धा.

नंतर वैक्को अंग पुसून, वाफाळत्या अंगानं मागच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांचा फोन वाजला. गावाकडचा मित्र होता, सॉना कसा आहे विचारायला. यार्को स्वयंपाकघरात कॉफी ओतत होता. ऐकू कमी येत असल्यामुळे वैक्को फोनवर मोठ्यानं बोलत, त्यामुळे चोरून ऐकायचा प्रश्नच नव्हता.

"हो, बघितला. सांधे घट्ट आहेत... बाक? बुटका आहे... चुकला? चुकला कशाला, मुद्दाम बुटका केलाय!" वैक्कोंचा आवाज चढला. "इथे माणसांना गुडघे असतात... तुला काय कळतंय रे त्यातलं? तुझ्या सॉनात आजवर आलंय कोण? तू आणि तुझा कुत्रा. इथे पाळ्या लावतात लोक, आणि दुसऱ्याच्या पाळीला येऊन बसतात!"

पलीकडून मित्रानं काहीतरी विचारलं असावं.

"कुणी बांधला म्हणजे?" वैक्को गरजले. "माझ्या जावयानं!"

समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. यार्कोच्या हातातली कॉफी कपाबाहेर ओघळून ओट्यावर पसरली, आणि हेलीनं फडकं पुढे केलं.